कारणाचा रकाना

शनिवार, १ मार्च. सकाळी ६:१०
नवं करवर्ष आजपासून. नवं आयुष्यही.

काल वाचनालयात स्वतंत्र कंत्राटदारांसाठी मोफत व्याख्यान होतं. विषय: प्रवासखर्च आणि कर. बोलणाऱ्या बाई मिसेस ओल्कर्स, कर सल्लागार. ऐकायला अकराजण, त्यातले चार सँडविचसाठी आलेले. लिहून घेणारा मी एकटा.

सार असं: कामासाठी जेवढे किलोमीटर गाडी चालवाल, तेवढा खर्च उत्पन्नातून वजा. पण लॉगबुक पाहिजे. रोजच्या रोज. तारीख, निघताना काटा किती, पोचल्यावर किती, कुठे गेलो आणि शेवटचा रकाना: कारण. व्यवसाय की खाजगी.

पंधरा वर्षं नगरपालिकेत लोकांची पाण्याची बिलं लिहिली. गेल्या वर्षी राजीनामा दिला आणि पूर्णवेळ क्वायर परीक्षक, म्हणजे समूहगानाच्या स्पर्धांचा परीक्षक, झालो. आमच्या पूर्व केप प्रांतात दर दुसरा माणूस क्वायरमध्ये गातो, आणि दर पहिल्याला वाटतं आपण सुरात गातो. म्हणजे मला काम कमी पडणार नाही. यंदाचा अंदाज: साठ स्पर्धा, तीस हजार किलोमीटर.

बाबालोला (बायको, सरकारी इस्पितळात नर्स) सगळं समजावलं. तिनं विचारलं, "खर्च वजा, पण कशातून?" म्हटलं, उत्पन्नातून. ती हसतच सुटली. रात्रपाळीनं तिला फार थकवा येतो.

रविवार, २ मार्च
मोठा शोध! घरातून कामाच्या जागी जाणं खाजगी. पण घरातच ऑफिस असेल तर दाराबाहेर पाऊल टाकलं की व्यवसाय. अट एकच: ती खोली फक्त कामासाठी वापरायची. दुसरं काही नाही म्हणजे नाही.

मागची खोली रिकामी केली. पाहुण्यांची खाट गॅरेजमध्ये. इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात. दारावर पाटी लावली. बाबालो म्हणाली, "उद्यापासून मी गणवेशाला इस्त्री चुलीवर करू का?" म्हटलं, नियम मी केलेले नाहीत.

मंगळवार, ११ मार्च
लॉगबुकची वही छान मिळाली. निळं जाड पुठ्ठ्याचं कव्हर. अजून काही लिहिलेलं नाही, कारण पहिलं पान खराब अक्षरात सुरू करायचं नाही असं ठरवलंय. रविवारी सगळं एकदम लिहीन. आठवण माझी चांगली आहे.

रविवार, ६ एप्रिल. दुपार
गावाहून आईचा फोन. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तिनं महिन्यामहिन्याला पैसे साठवून त्यांच्या थडग्याचा दगड सांगितलाय. ऑगस्टमध्ये तयार होईल. सप्टेंबरात दगडावरची चादर काढायचा विधी, सगळं गाव जेवायला, मेंढरू कापायचं. "तू थोरला. तुला एकच काम," म्हणाली. "बाबांच्या आवडीचं स्तोत्र तू उचलायचं, पहिला सूर तुझा. बाकी सगळं मी बघते."

अर्थात हो म्हटलं. इथून, कोमानीहून, आमचं गाव दोनशे अठरा किलोमीटर. येऊन-जाऊन चारशे छत्तीस. आईला भेटायला गेलो तर सगळे खाजगी. पण त्याच दिवशी तिथे जवळ एखादी स्पर्धा मिळाली तर? सप्टेंबर दूर आहे. मिळवीन.

शनिवार, १७ मे. रात्री
वर्षातली तिसरी स्पर्धा. (साठाचा अंदाज थोडा कमी करावा लागेल. चाळीस.) उच्च माध्यमिक शाळा, बारा क्वायर. निकाल देताना मी स्पष्ट बोललो. सोप्रानो खाली घसरतात, बेस झोपेत गातात, आणि तालाला उशीर ही आपल्या लोकांची खोड आहे. एका मुख्याध्यापिकेनं सगळ्यांसमोर म्हटलं, "जोला, तुम्ही स्वतः पाऊण तास उशिरा आलात." रस्ता खराब होता. कुळाच्या नावानं, आदरानं हाक मारून असं बोलायची या बाईंची पद्धत मला आवडली नाही.

वही घरी राहिली. काट्याचे आकडे हातावर लिहिले. हात धुतला.

गुरुवार, १९ जून
आई डोळे दाखवायला चार दिवस आली होती. ऑफिसात झोपवता येईना, मग सोफ्यावर झोपवली. सोफा आखूड, पाय बाहेर. बाबालो माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आई मात्र समजूतदार. तिनं विचारलं, "सरकार एवढं बारीक बघतं का रे?" म्हटलं, फार बारीक. मग तिनंच शेजारणीला सांगितलं, "माझा मोंडे एवढ्या मोठ्या कामात आहे की त्याच्या खोलीवर सरकारचं लक्ष असतं."

बरं वाटलं. थोडं विचित्रही वाटलं. पण बरंच जास्त.

शनिवार, १२ जुलै
आज अंत्यविधीला गेलो. कोणाच्या तरी आत्याचा. आमच्याकडे शनिवार म्हणजे अंत्यविधी, त्याला काही इलाज नाही. मार्च ते आज मोजले, सतरा झाले. नव्वदपासून एकशे सत्तर किलोमीटरपर्यंत. एवढी गाडी खाजगी रकान्यात फुकट जाते म्हणून जीव तळमळतो.

पण विचार केला. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी म्हणतंच, "जोला, स्तोत्र उचला." मी उचलतो. म्हणजे माझ्या धंद्यातली सेवा मी तिथे देतो. म्हणजे व्यवसाय!

बाबालोला सांगितलं. ती म्हणाली, "मानधन कोणी दिलं, मेलेल्यानं?" मी म्हटलं, भविष्यातले ग्राहक. ती म्हणाली, "कुठले, पुढचे मेलेले?" या बाईबरोबर धंद्याचं बोलण्यात अर्थ नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
दगड गावी पोचला. धाकटी बहीण नोमापेलो फोनवर म्हणाली, काळा चकचकीत आहे, बाबांचं नाव पांढऱ्या अक्षरात. चादर गुंडाळून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. चादरीवर कोंबड्या बसतात.

जवळच्या सात शाळांना पत्रं टाकली. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी परीक्षक हवा का? एकीचं उत्तर आलं. त्यांना फुटबॉलचा पंच हवा आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर
सत्तावीस तारखेला अलिवाल नॉर्थला स्पर्धा! मोठी, नऊ क्वायर. मात्र ती बरोबर उलट्या दिशेला.

आईला फोन केला. कामाचं महत्त्व समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काम असेल तर काम. पण मेंढरू सांगितलंय मी." मेंढरू थांबू शकतं, म्हटलं. म्हणाली, "ते थांबेल रे, त्याला खायला मिळतंय. तुझे बाबा दाराशी पाहुण्यासारखे उभे आहेत, त्यांना आत ये म्हणणारं कोणी नाही." डिसेंबरात नक्की, असं वचन दिलं.

मन जरा जड आहे. पण तीनशे वीस किलोमीटर शुद्ध व्यवसाय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. संध्याकाळ
अलिवालची स्पर्धा रद्द. हॉलचं छप्पर उडालं.

गावी फोन करून आता येतो म्हणावं, असं मनात आलं. पण एका रात्रीत गावजेवण कसं उभं राहणार? आणि जायचं म्हटलं तरी कारणाच्या रकान्यात काय लिहू?

रविवार, २८ सप्टेंबर
काल शनिवारी घरीच बसलो. बसवेना. गाडी काढून कोमानीबाहेर चौदा किलोमीटर गेलो, परत आलो.

मंगळवार, ९ डिसेंबर
शाळा बंद. क्वायर बंद. पूर्व केपमध्ये महिनाभर कोणी गात नाही, सगळे जेवतात. आईनं वीस तारीख धरली होती. या महिन्यात जाणं म्हणजे चारशे छत्तीस किलोमीटर पाण्यात. आणखी पुढे ढकला म्हणून कळवलं. फेब्रुवारीत शाळांचे क्वायर सुरू झाले की एका फेरीत दोन्ही कामं होतील, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल.

नोमापेलोला कळलं नाही. "भुती," म्हणाली, म्हणजे दादा म्हणतानाही तिच्या आवाजात दगड होता, "त्या दगडाला पाय असते ना, तर तो एव्हाना तुझ्याकडे चालत आला असता. ऑफिसात घेतला असतास का?"

गाडीला सर्व्हिसिंगची गरज आहे, एवढंच म्हणालो.

बुधवार, ११ फेब्रुवारी
जमलं! हे जमवायला डोकं लागतं.

एकवीस तारीख पक्की. गावाच्या वाटेवर, चौऱ्याऐंशी किलोमीटरवर, एक प्राथमिक शाळा आहे. मुख्याध्यापक मिस्टर ग्वेलेंना म्हटलं, शनिवारी सकाळी सातला तुमच्या मुलांची तालीम फुकट घेतो. तुम्ही फक्त शाळेच्या कागदावर लिहून द्यायचं की मी कामासाठी आलो होतो. सही आणि शिक्का. ते म्हणाले, "फुकट? मग मुलांना घेऊन येतो."

पुढचे एकशे चौतीस किलोमीटरही सोडायचे नाहीत. गावात चर्चच्या बायका लाल ब्लाउज घालून गातीलच. मी त्यांना गुण देईन. दोनशे अठराच्या दोनशे अठरा व्यवसाय.

आईला सांगितलं, कार्यक्रम अकराला ना? साडेनऊपर्यंत पोचतो. ती म्हणाली, "मालूमे फिकिले म्हणतोय, तू नाही आलास तर स्तोत्र तो उचलेल." मालूमे म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचा सूर आयुष्यात एकदाही जागेवर सापडलेला नाही. मी म्हटलं, आई, मी असताना मालूमेनं तोंड उघडायचं नाही. ती हसली. खूप दिवसांनी हसली. "मग ये," म्हणाली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. रात्री ९
कोट इस्त्री केला. (स्वयंपाकघरात. बाबालोनं केला.) तिला रजा नाही. घसा मिठाच्या पाण्यानं धुतला. सूर तीनदा लावून बघितला. बाबा मला सायकलवर पुढे बसवून चर्चला नेत, आणि चढावर दम लागला की हेच स्तोत्र पुटपुटत. त्यांचाही सूर खाली जायचा. ते सांगितलं तर रागवायचे नाहीत. पायडल मारत राहायचे.

शनिवार, २१ फेब्रुवारी. पहाटे ४:३०
निघालो. काटा वहीत पहिल्यांदाच लिहिला. उत्साह आहे.

सकाळी ६:०५. शाळेचं फाटक बंद. एक शेळी.

७:२०. सात मुलं आली. मिस्टर ग्वेले नाहीत.

८:१५. मिस्टर ग्वेले आले. तालीम घेतली. मुलं बरी आहेत. एका मुलीचा आवाज तर फारच चांगला. गाणं अर्ध्यात थांबवून पत्राचं विचारलं.

८:५०. पत्र टाइप केलेलं तयार, सही झाली. शिक्का कपाटात. कपाटाची किल्ली क्लार्क बाईंकडे. क्लार्क बाई अंत्यविधीला. दुसऱ्या गावी, एकोणीस किलोमीटर. मिस्टर ग्वेले म्हणाले, "जा हो तुम्ही, शिक्का मी पोस्टानं पाठवतो." शिक्का पोस्टानं! शिक्क्याशिवाय कागद म्हणजे वाणसामानाची यादी. यांना करातलं काय कळतं?

९:४०. अंत्यविधीच्या ठिकाणी. क्लार्क बाई पहिल्या रांगेत, मृताच्या नातेवाईक निघाल्या. मध्ये उठवता येईना. कोणीतरी ओळखलं. "जोला, स्तोत्र उचला." उचललं. चांगलं झालं. फारच चांगलं झालं.

१०:५०. किल्ली मिळाली. परत शाळेकडे. हरकत नाही. आमच्या गावी अकरा म्हणजे दुपारचा एक. मी तिथेच वाढलो, मला माहीत आहे.

११:२५. शिक्का बसला. थोडा तिरका.

दुपारी १:४०. पोचलो.

तोच दिवस. रात्री, गावी
लिहू की नको असं झालंय. लिहितो.

अकरा म्हणजे अकरालाच सुरू केलं. आईनं सांगितलं होतं म्हणे, दोनदा पुढे ढकललंय, आता एक मिनिट नाही. मी पोचलो तेव्हा लोकांच्या हातात ताटं होती. दगड उघडा, उन्हात चमकत होता. चादर घडी करून नोमापेलोच्या मांडीवर. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ताट वाढून दिलं.

आई चर्चच्या बायकांत बसली होती. जवळ जाऊन म्हटलं, शिक्क्यामुळे उशीर झाला. ती म्हणाली, "झालं सगळं नीट. तू जेव." मी विचारलं, स्तोत्र? म्हणाली, "फिकिलेनं उचललं." मी विचारलं, कसं गायला? मला असं विचारायला नको होतं, पण सवय आहे.

आई म्हणाली, "सूर खाली पडला. पण वेळेवर होता."

बायकांना गुण दिले नाहीत.

रविवार, २२ फेब्रुवारी
परत कोमानीत. बाबालोनं विचारलं, "कसं झालं?" छान, म्हटलं. तिला नोमापेलोचा फोन आधीच आलेला होता. तिनं चहा पुढे ठेवला आणि कामावर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शिक्क्याचं पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी. रात्री
करवर्ष संपलं. वही आज भरली. सगळी. तीन वेगवेगळी पेनं वापरली, मधे दोन ठिकाणी चहा सांडला. एकूण अकरा हजार दोनशे साठ व्यवसाय किलोमीटर. आता वाटतंय, जे झालं ते निदान वाया गेलेलं नाही. वर्षभराच्या शिस्तीचं फळ जुलैत, विवरणपत्र भरताना दिसेल.

मंगळवार, १४ जुलै. दुपारी ४
मिसेस ओल्कर्सच्या ऑफिसात गेलो. फर्निचरच्या दुकानावर, दुसरा मजला. वही, पावत्या, पाकिटातलं पत्र, सगळं टेबलावर मांडलं. बाईंनी वही चाळली. म्हणाल्या, "मिस्टर दलासिले, चौदा जूनला तुम्ही एकाच वेळी बटरवर्थ आणि अलिवालमध्ये आहात." मी म्हटलं, धावपळीचं वर्ष होतं. पत्र उजेडात धरून त्यांनी शिक्का बघितला. "हे पत्र मात्र छान आहे," म्हणाल्या.

मग विचारलं, "वर्षाचं उत्पन्न?" मानधनाच्या चिठ्ठ्यांचं पाकीट दिलं. नऊ चिठ्ठ्या. त्यांनी बेरीज केली. पुन्हा केली. पाकीट उलटं करून झटकलं. चष्मा काढला.

"एकतीस हजार रँड. एवढंच?"

यंदा जरा मंदी होती, म्हटलं.

"मग तुम्हाला करच लागत नाही."

मी म्हटलं, वजावटीमुळे! माझी छाती फुगली होती. बाई म्हणाल्या, "नाही हो. वजावटीच्या आधीच. कर सुरू होतो त्याच्या जेमतेम तिसऱ्या भागापर्यंत आलात तुम्ही. शून्यातून काय वजा करणार?" मी विचारलं, मग हे किलोमीटर? "त्यांचं काही नाही. तुम्ही वर्षभर कुठेही गेला असतात तरी चाललं असतं."

फी घेतली नाही त्यांनी. घ्यायला हवी होती. जिना उतरताना फर्निचरच्या दुकानात एक लांब सोफा दिसला, माणूस पाय पसरून झोपेल एवढा. त्याच्यासमोर थोडा वेळ उभा राहिलो.

बुधवार, १५ जुलै
बाबालोला सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "मला गेल्या वर्षीच्या मार्चमध्येच माहीत होतं. वाटलं, तुला आपणहून कळेल." मग इस्त्रीचं टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं. मी दुसरं टोक धरलं. पाटीही काढली. खाट शनिवारनंतर आणू.

शनिवार, १८ जुलै
पहाटे निघालो. कुठे थांबलो नाही. सवयीनं वही शेजारच्या सीटवर ठेवली होती. नऊला गावी.

आई अंगणात मका निवडत होती. दचकली. "काय झालं? कोण गेलं?" कोणी नाही, म्हटलं. सहज आलो. "कुठल्या शाळेत काम आहे आज?" कुठेच नाही. "मग चर्चमध्ये?" नाही गं, आई. तुला भेटायला आलोय. बाबांच्या दगडाजवळ उभं राहायला आलोय.

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला खरं वाटलं नाही. अजिबात नाही. तिला वाटलं, मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणतोय आणि पलीकडे कुठेतरी लोक घड्याळ बघत बसलेत. लगबगीनं उठली. दगडापाशी घेऊन गेली. "सूर लाव एकदा, मग जा. तुझा वेळ जातोय."

लावला. फार वर लावला. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. खोकला आल्यासारखं केलं. आईनं पुढची ओळ खालच्या सुरात धरली, आणि मी तिच्या मागून गायलो. संपल्यावर म्हणाली, "चांगलं म्हटलंस." एवढ्यात ती स्वयंपाकघरात शिरलीही होती. पाव, उकडलेलं मटण आणि चार मक्याची कणसं कागदात बांधून आणली. म्हटलं, आई, मी राहतोय दोन दिवस. ती म्हणाली, "वेडा आहेस का? लोक वाट बघत असतील." आणि गाडीचं दार उघडून उभी राहिली. फाटकाशी शेजारीण दिसली तर तिलाही ओरडून सांगितलं, "मोंडे घाईत आहे, कामावर चाललाय!"

काय करणार? निघालो. चढ ओलांडून, तिला दिसणार नाही अशा ठिकाणी गाडी थांबवली. मटण खाल्लं. दोन तास तिथेच बसलो. कोणीच वाट बघत नव्हतं.